साळवीबाईंचा क्लास बंद पडत नाही

भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या बसस्टॉपसमोरच्या गल्लीत एक कॉम्प्युटर क्लास आहे. तो आता बंद पडणार, असं लोक गेली तीस वर्षं सांगत आलेत. सांगणारे बदलले, त्यांतले काही तर भाईंदर सोडून विरारला राहायला गेले, क्लास मात्र जागचा हललेला नाही. तो चालवणाऱ्या शुभदा साळवींना कोणी असं तोंडावर म्हटलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवतात आणि "बघू" एवढंच म्हणतात. भांडणारी बाई परवडते, पण ही 'बघू' म्हणणारी फार चिवट असते. हे ज्यांना वेळेवर कळलं नाही, त्यांची पुढे चांगलीच पंचाईत झाली.

शुभदाबाई मूळच्या गिरगावच्या. लग्न होऊन त्या भाईंदरला आल्या तेव्हा माहेरच्यांना वाटलं, मुलगी परदेशीच गेली. नवरा सुभाष मूळचा रत्नागिरीकडचा, एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला, स्वभावाने गरीब आणि देवभोळा. शुभदाबाईंनी लग्नाआधी दादरला कॉम्प्युटर शिकून घेतला होता. का, तर मैत्रिणी शिवण शिकत होत्या आणि यांना शिवणाचा कंटाळा. एवढ्याशा कारणावरून माणसाचं अख्खं आयुष्य ठरतं, पण ते तेव्हा कुठे कळतं?

त्या काळी कॉम्प्युटर चालू केला की पडदा काळा यायचा आणि कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत राहायची. चित्र नाही, बटण नाही. जे हवं ते टाइप करून मागायचं, आणि एक अक्षर चुकलं तरी यंत्र तोंड फिरवायचं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे सरकारी ऑफिसातला हेडक्लार्क, असं शुभदाबाई मुलांना सांगतात. साहेब तुम्ही असाल, पण फाइल कुठे आहे ते त्याला ठाऊक. त्याला सोडून तुमचं पान हलत नाही. तर त्या काळच्या हेडक्लार्कचं नाव होतं डॉस. शुभदाबाईंना त्याच्या सगळ्या आज्ञा पाढ्यांसारख्या पाठ होत्या. डीआयआर म्हटलं की फायलींची यादी, सीएलएस म्हटलं की पडदा साफ. याच भांडवलावर त्यांनी गल्लीतला गाळा घेतला, बाहेर पाटी लावली, आणि भाईंदरची मुलं काळ्या पडद्यासमोर बसून डीआयआर, डीआयआर करू लागली.

क्लास जरा रांगेला लागतो न लागतो तोच विंडोज आलं. काळा पडदा जाऊन चित्रं आली, आणि चित्रांवर बोट ठेवायला माउस आला. शुभदाबाई म्हणाल्या, हे पोरखेळ आहेत, टिकायचे नाहीत. झालं. स्टेशनपलीकडे पूर्वेला कोणीतरी विंडोज शिकवायला लागला आणि यांचे निम्मे विद्यार्थी पूल ओलांडून तिकडे गेले. क्लास बंद पडणार, हे तेव्हा पहिल्यांदा बोललं गेलं. शुभदाबाई दोन दिवस रुसून बसल्या. मग त्यांनी एका मशीनवर विंडोज घातलं आणि माउस हातात धरला. तो काही केल्या सरळ चालेना. कॉम्प्युटरमध्ये पत्त्यांचा डाव असायचा. त्या खेळात पान उचलून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवावं लागतं, आणि नेमकं तेच करता करता हात बसतो. शुभदाबाई पत्ते खेळून माउस शिकल्या आणि नवीन बॅचलाही त्यांनी आधी पत्तेच खेळायला लावले. एक पालक तणतणत आले, फी भरून आमची मुलं इथे जुगार शिकतात का म्हणून. बाईंनी त्यांनाच खुर्चीवर बसवलं. डाव मांडून दिला. गृहस्थ जेवायची वेळ झाली तरी उठेनात.

खरा धडा त्यांना पुढच्या विंडोजने दिला. पहिल्याची चित्रं कुठे असतात ते मुलांनी घोकून ठेवलं होतं, वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरं. नव्यात सगळं भलतीकडेच, खाली डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' नावाचं बटण, आणि सगळा संसार त्याच्या पोटात. घोकलेली मुलं पार हरवली. तेव्हा शुभदाबाईंना कळलं की आपण मुलांना घर दाखवण्याऐवजी घराचा पत्ता पाठ करून घेतला होता. त्या दिवसापासून क्लासात एक नियम झाला. मशीन चालू झालं की पहिली काही मिनिटं हात मांडीवर ठेवायचे. कशालाही शिवायचं नाही. पडदा वरपासून खालपर्यंत वाचायचा, काय दिसतंय ते मनात म्हणायचं, आपल्याला काय हवंय ते ठरवायचं, आणि मगच हात वर. नवीन मुलांना याचा भयंकर राग येतो. शुभदाबाई त्या रागाकडे ढुंकून बघत नाहीत.

या एका नियमावर त्यांनी पुढची सगळी राज्यं काढली. एक्सपी आलं, त्याच्या पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि निळं आभाळ होतं. उत्तनकडून येणारी मुलं म्हणायची, बाई, ही आमची डोंगरी हाय, श्रावणातली. एक्सपीवर तर क्लासने इतकी वर्षं काढली की ते गेलं तेव्हा बाईंना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मधलं एक विंडोज इतकं आळशी निघालं की त्यांनी ते दारातूनच परत पाठवलं. आठव्यात तर स्टार्टचं बटणच गायब झालं. शहरभर क्लासवाले डोकं धरून बसले. साळवीबाईंची मुलं हात मांडीवर ठेवून बसली आणि थोड्या वेळाने त्यांना वाट सापडली. मग दहावं आलं. हेच शेवटचं, आता नवीन नाही, असं तेव्हा सगळीकडे बोललं जायचं. शुभदाबाईंनीही विश्वास ठेवला. माणूस पन्नाशीला आला की अशा गोष्टींवर विश्वास ठेवावासा वाटतो.

आणि दोन हजार पंचवीसच्या ऑक्टोबरात ते दहावंही गेलं. म्हणजे चालायचं बंद झालं नाही, पण यापुढे त्याची डागडुजी होणार नाही, चोर आत शिरायची भोकं बुजवली जाणार नाहीत, असं जाहीर झालं. अकरावं होतं, पण ते जुन्या मशीनवर चढायला तयार नव्हतं. त्याला नव्या चिपा लागतात. क्लासची मशीनं जुनी, सगळीच्या सगळी, आणि ती बदलणं शुभदाबाईंच्या कुवतीबाहेरचं होतं. त्यात क्लासला प्रमाणपत्रं देण्याची मान्यता देणाऱ्या संस्थेचा निरोप आला. ज्याची डागडुजी चालू आहे अशीच सिस्टिम परीक्षेच्या मशीनवर हवी. परीक्षेच्या दिवशी तपासणीला संस्थेच्या मॅडम येतील. सिस्टिम जुनी असली किंवा बॅच नापास झाली तर केंद्र रद्द.

मान्यता गेली की क्लास गेला, हे सांगायला ज्योतिषी नको. नुसतं शिकायला कोण येतं? मुलांना कागद हवा असतो.

पुण्याला नोकरी करणारा मुलगा, स्वप्नील, फोनवर म्हणाला, "आई, आता बस कर ना. किती वर्षं केलंस. मी रविवारी येतो, टेम्पो सांगतो, मशीनं भंगारात देऊन टाकू." शेजारचा स्टेशनरीवाला जिग्नेशभाई दारात येऊन हळहळला. "मॅडम, अब सब मोबाइल पे हो जाता है. गाला खाली करोगे तो पहले मेरेको बोलना, गोडाऊन के लिए चाहिए." दोघेही प्रेमानेच बोलत होते. प्रेमाने बोलणाऱ्यांशी भांडता येत नाही, म्हणून तर ते जास्त लागतं. त्या दिवशी शुभदाबाईंनी 'बघू' म्हटलं खरं, पण आवाजात जीव नव्हता.

त्या हताश होत्या, आणि त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत होती ती शेवंतीची. शेवंती उत्तनजवळच्या चौक गावची. पहाटे मासळीचं काम उरकून बस पकडून यायची, केसांत अबोलीचा गजरा, हातात डबा. त्यांच्या बायकांच्या गटाचे अर्ज भरायला कोणाच्या तरी पाया पडावं लागायचं, त्याचा तिला वीट आला होता. ते काम स्वतः करायचं म्हणून या वयात ती कॉम्प्युटर शिकायला बसली होती. तिला शुभदाबाईंनी सगळं सांगून टाकलं.

"मंग मी कुटं जाऊ?" शेवंती म्हणाली. "दुसऱ्या क्लासात मना मागं बसवतात. वास येतो म्हंतात. ह्या क्लास बंद व्हता कामा न्हाय, बाई."

त्या शब्दांनी शुभदाबाईंच्या पाठीचा कणा पुन्हा ताठ झाला. घरी जाऊन त्यांनी विचार केला. विंडोज सोडून जगात काही नाही का? होतं. लिनक्स. डॉसच्याच काळात फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. मग देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या वेळात त्यात भर घातली. ते जुन्या मशीनवरही चालतं आणि त्याची डागडुजी सतत चालू असते. शुभदाबाईंना हे सगळं ठाऊक होतं. एकदा एका विद्यार्थ्याने त्याची सीडीही आणून दिली होती, पण तेव्हा त्यांनी भीतीने ती कपाटात टाकली. सगळं जग विंडोजवर, आपण कशाला वाकडी वाट धरा, हा विचार. आता वाट एकच उरली होती, तेव्हा ती वाकडी की सरळ हा प्रश्नच मिटला.

त्यांनी घरच्या लॅपटॉपवरून लिनक्स एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि सकाळी क्लासात येऊन पहिल्या मशीनला लावलं. मशीनने त्याची दखलच घेतली नाही. पेन ड्राइव्ह लावलाय हेच त्याला कबूल नव्हतं. दुसऱ्याला लावलं, तेच. तिसऱ्याला, चौथ्याला, तेच. लॅपटॉपला लावावा तर बिनतक्रार दिसायचा. शुभदाबाईंनी पुस्तकी उपाय केले, सेटिंग्ज उलटसुलट केल्या, शेवटी मशीनला चार शब्द सुनावले. काही उपयोग नाही. स्वप्नीलला फोन केला, तो म्हणाला, "आई, मशीनं संपली आहेत ती. टेम्पो सांगू ना?"

त्या पहिल्या बाकावर बसून राहिल्या. शेवंती आली, तिला काय झालं ते कळलं, तीही डबा खाली ठेवून शेजारी बसली. मग शुभदाबाई पेन ड्राइव्ह पर्समध्ये ठेवायला गेल्या आणि त्यांची बोटं लाल झाली. त्यांनी पेन ड्राइव्ह उजेडात धरला. पत्र्याचं टोक लाल-पिवळं झालं होतं. मोबाइलचा टॉर्च लावून त्या मशीनसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि पेन ड्राइव्ह लावायच्या खाचेत डोकावल्या. आत गच्च भरलेलं कुंकू, वर हळद, आणि एक अख्खी अक्षत.

हा पराक्रम सुभाषरावांचा. दर दसऱ्याला क्लासातल्या मशीनांची पूजा व्हायची, आणि ती करायचा मान त्यांचा. साळवींच्या घरात पूजा म्हणजे हात आखडता नाही. झेंडूचे हार असत, आणि प्रत्येक मशीनच्या पुढ्यात ओल्या बोटाने स्वस्तिक, मग मूठभर कुंकू, वरून अक्षता. खाचा बरोबर स्वस्तिकाच्या खालीच. आणि त्या वर्षानुवर्षं कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या, कारण मागे एकदा व्हायरसने क्लास आजारी पडला, तेव्हापासून भिंतीवर पाटी होती की पेन ड्राइव्ह आणू नये. माउस आणि कीबोर्ड मागच्या बाजूला जोडलेले. तेव्हा मशीनं सुखाने कुंकू खात राहिली.

शुभदाबाई जमिनीवर बसून हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शेवंती घाबरली. मग तिला टॉर्च दाखवला, आणि तीही हसायला लागली. "बाई, देवाचा परसाद हाय," ती म्हणाली, "मशीनला पचला न्हाय."

पेन ड्राइव्ह पुसून त्यांनी मागच्या खाचेत लावला. मशीनने निमूटपणे तो ओळखला. पडद्यावर अक्षरं सरसरत गेली आणि थोड्या वेळाने लिनक्सचा स्वच्छ, अनोळखी पडदा समोर उभा राहिला. संध्याकाळी सुभाषराव डबा घेऊन आले तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या भक्तीने क्लास बंद पडला असता." सुभाषरावांचा चेहरा एवढासा झाला. मग म्हणाले, "अगं, पण बंद पडला नाही ना? मग पूजा लागूच पडली की." बाईंनी त्यांच्या हातात मऊ ब्रश दिला आणि सगळ्या खाचा साफ करायला बसवलं.

त्या गडबडीत एक गोष्ट घडली, ती शुभदाबाईंनी कोणाला लगेच सांगितली नाही. लिनक्समध्ये एक काळी खिडकी असते, आज्ञा टाइप करायची. ती त्यांनी उघडली. काळा पडदा, आणि लुकलुकणारी बारीक रेघ. बोटांनी त्यांना न विचारताच डीआयआर टाइप केलं. त्यांना वाटलं, नवखं यंत्र तोंड फिरवणार. तर समोर फायलींची यादी. लिनक्सला ती जुनी आज्ञा कळत होती. किती तरी वर्षांनी माहेरच्या गल्लीत जावं आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नावाने हाक मारावी, तसं त्यांना झालं. मग हावरेपणाने त्यांनी सीएलएसही टाइप केलं, तर ते मात्र त्याला कळलं नाही. माहेरीही सगळं पूर्वीसारखं कुठे राहतं? बाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुढच्या मशीनकडे वळल्या.

परीक्षेला थोडेच दिवस होते. बॅचला नव्या सिस्टिमवर जेमतेम हात फिरवता आला. कॉलेजची एक मुलगी तर रडकुंडीला आली, म्हणाली, "मॅडम, हे बाहेर कोणीच वापरत नाही, आम्ही का शिकतोय?" शुभदाबाई म्हणाल्या, "तू हे शिकत नाहीयेस. तू अनोळखी मशीनसमोर न घाबरता बसायला शिकतेयस." मुलीला ते पटलं नाही, पण ती गेलीही नाही.

तपासणीला आलेल्या मॅडमचं नाव रसिका. वय चाळिशीच्या आतलं, बोलणं मोजकं, कामात चोख. त्यांनी एकेक मशीन पाहिलं, डागडुजी चालू असल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, "नियमात बसतंय. नियमात विंडोजच हवं असं म्हटलेलं नाही." शुभदाबाईंनी श्वास सोडला. "पण मॅडम," रसिका मॅडम पुढे म्हणाल्या, "प्रश्नपत्रिका सगळीकडे एकच आहे. ती विंडोज धरून काढलेली आहे. पहिलंच वाक्य 'स्टार्टवर क्लिक करा' असं आहे. तुमच्याकडे स्टार्ट नाही. मला त्यात बदल करता येणार नाही, आणि परीक्षा सुरू झाल्यावर तुम्हाला आत बोलता येणार नाही. विचार करा. पुढे ढकलली तर केंद्र तोपर्यंत बंद राहील. आज घेतली आणि ही मुलं अडकली, तर कायमचं."

शुभदाबाईंनी बॅचकडे पाहिलं. शेवंतीने होकाराची मान हलवली. बाई म्हणाल्या, "आजच घ्या."

त्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. परीक्षा सुरू झाली. मुलांनी पहिला प्रश्न वाचला. पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, तिथे स्टार्ट नाही. सगळा वर्ग थबकला. कॉलेजच्या मुलीने माउस कोपऱ्यात नेला आणि परत आणला. रसिका मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. आता आत जावं, फक्त एक शब्द बोलावा, असं दाराबाहेर शुभदाबाईंना अनावर वाटलं, आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग शेवंतीने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. शेजारच्या मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि तिनेही ठेवले. एकेक करून अख्खा वर्ग हात मांडीवर ठेवून बसला. रसिका मॅडम चपापून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असणार, मुलांनी हातच टेकले. वर्ग शांतपणे पडदा वाचत होता, वरपासून खालपर्यंत. शेवंतीचे ओठ हलत होते. मग तिचा हात वर आला, माउसवर गेला, तिने भलत्याच एका चित्रावर क्लिक केलं आणि प्रोग्रामांची यादी सळसळत उघडली. पाठोपाठ दुसऱ्याची उघडली, मग तिसऱ्याची. त्यानंतर वर्ग थांबला नाही. पत्र लिहिलं, तक्ता केला, फोल्डर करून त्यात ठेवलं. दाराबाहेर शुभदाबाई एकेक पडदा बोटांवर मोजत होत्या, आणि गोडाऊनचं विचारायला आलेले जिग्नेशभाई त्यांच्या शेजारी काचेला नाक लावून उभे होते. "मॅडम, ये लोग तो कर रहे हैं," ते म्हणाले.

निकाल पडद्यावरच आला. सगळे पास. कॉलेजची मुलगी पहिली, शेवंती तिच्या खालोखाल. शेवंतीने आपला निकाल पुन्हा पुन्हा वाचला आणि म्हणाली, "बाई, आता अर्ज मीच भरनार. कुनाच्या पाया पडनार न्हाय." शुभदाबाईंनी तिला जवळ घेतलं. मासळीचा वास येत होता, आणि त्या क्षणी त्यांना जगात दुसरा कुठलाही वास नको होता.

रसिका मॅडमनी मान्यतेच्या कागदावर सही केली. निघताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू? मला वाटलं होतं, आज इथे कुलूप लावून जावं लागणार. आणि हेही काही कायमचं नाही. चार-पाच वर्षांनी हेही बदलेल. मग काय कराल?"

शुभदाबाईंनी चष्मा नाकावरून काढला, पदराच्या टोकाने पुसला आणि परत चढवला. "आधी मी चुकेन," त्या म्हणाल्या, "मग शिकेन, आणि मग या सगळ्यांना शिकवीन. दरवेळी असंच केलंय."

बाहेर गल्लीत संध्याकाळच्या बॅचची मुलं जमली होती. क्लास राहिला की गेला, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती दाराशी घुटमळत होती. शुभदाबाईंनी दार पूर्ण उघडलं. "काय बघताय? या, बसा. आज नवीन धडा आहे."